मधल्या धन्याचे दप्तर: भंडाऱ्यातील निस्तार हक्क आणि संगणक-खेळांतील सक्तीचे खाते

भंडारा जिल्ह्याच्या जुन्या महसुली दप्तरात गावोगावचा वाजिब-उल-अर्ज नावाचा एक कागद असे. ज्या गोष्टीचा मालक एक आणि वापरणारे अनेक, तिच्याबाबत वापरणाऱ्यांना काय मागता येते आणि मालकाला काय नाकारता येत नाही, हे गावच्या वहिवाटीप्रमाणे लिहून ठेवणे हे त्या कागदाचे काम होते. तलावाचे पाणी कोणत्या बांध्यांना द्यायचे, गुरे कोठे चरायची, जळणाचे लाकूड आणि छपराचे गवत कोठून आणायचे, मसणवटीकडे कोणत्या वाटेने जायचे, असल्या रोजच्या बाबी त्यात येत. रोजच्या गरजा गावाच्या सामाईक साधनांतून भागवण्याच्या या हक्काला मध्य प्रांतात निस्तार म्हणत आणि पूर्व विदर्भात तो शब्द आजही चालतो. संगणकावरील खेळ विकत घेणाऱ्याला दुकानातल्या खात्याखेरीज प्रकाशक कंपनीचे दुसरे खाते उघडायला लावण्याची प्रथा गेल्या वीस वर्षांत रूढ झाली असून तिच्याविषयीचा असंतोष जगभर दिसतो. या असंतोषाचा विचार भंडाऱ्याच्या या कागदापासून सुरू करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण पैसे भरून मिळवलेल्या वापराच्या वाटेवर तिसऱ्याची चौकी बसली तर त्या चौकीवाल्यावर बंधने कोणती, हा जो त्यातला मूळ प्रश्न आहे, तो वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांखाली फार पूर्वी लढवला गेला आहे.

भंडारा हा धानाचा मुलूख आहे. पावसाचे मान येथे बरे असले, तरी धानाला पाणी नुसते पुरेसे असून भागत नाही, ते वेळेवर लागते. रोवणी लांबली तर पऱ्हे वाया जातात आणि हस्ताच्या सुमारास पाऊस तुटला तर लोंब्या पोचट राहतात. ही जोखीम उचलण्यासाठी येथील लोकांनी उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवले आणि पाळीखाली पायऱ्यापायऱ्यांनी बांध्या, म्हणजे चहूबाजूंनी धुरे घातलेले धानाचे तुकडे, तयार केले. मोठ्या तलावाला तलाव आणि लहानाला बोडी म्हणत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत उतरे, त्यामुळे एका ओढ्यावर तलावांची माळच तयार होई. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या पोटात गाळपेर होई, मासे ढिवरांचे आणि काही ठिकाणी शिंगाडाही त्यांचाच. या बांधकामाचे श्रेय मुख्यतः कोहळी या शेतकरी जातीला दिले जाते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात भंडारा व चांदा भागातील कोहळ्यांचे तलावबांधणीतील आणि उसाच्या शेतीतील कौशल्य नोंदवलेले आहे. जो तलाव बांधील त्याला तलावाखालच्या जमिनीत सवलत, अशी गोंड राजवटीची रीत होती, असे परंपरा सांगते. जुन्या भंडारा जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध तलाव म्हणजे कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला नवेगाव बांध. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाल्यापासून तो त्या जिल्ह्यात मोडतो.

या व्यवस्थेत मधला धनी आला तो महसुलाच्या वाटेने. नागपूरकर भोसल्यांच्या काळी गावचा पाटील हा सरकारसाठी वसूल गोळा करणारा माणूस होता. त्याचे पद मोठे असले तरी गाव त्याच्या मालकीचे नव्हते. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातील तीस वर्षांच्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनीची मोजणी व प्रतवारी करून ठरावीक मुदतीसाठी सारा ठरवण्याच्या कामात, इंग्रज सरकारने या वसूल करणाऱ्यांनाच गावाचे मालक ठरवले. हाच मालगुजार. ज्या तलावाची पाळ गावाने खपून घातली होती, तो तलाव कागदोपत्री मालगुजाराचा झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाणी घेणारा कुणबी, पोवार वा कोहळी शेतकरी त्याच पाण्यासाठी मालगुजाराच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मालकी देणाऱ्या सरकारलाच लगेच उमगले की नुसती मालकी देऊन गाव चालत नाही, कारण जमिनीची प्रतवारी करताना तलावाखालचे ओलित जमेस धरले जात होते; शेतकरी ओलिताच्या जमिनीचा चढा लगान भरत होता, आणि पाणी देणे न देणे मालगुजाराच्या मर्जीवर सोडले असते तर ज्याची किंमत आधीच वसूल झाली आहे तीच वस्तू त्याला दुसऱ्यांदा मागावी लागली असती. वाजिब-उल-अर्ज आला तो या अडचणीतून. तो मालगुजाराने लिहिलेला नव्हता; बंदोबस्त अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गावात चौकशी करून तो तयार होई, सरकारी दप्तरात राही, आणि वाद झाला तर न्यायालयात पुरावा म्हणून वाचला जाई. त्यात शेतकऱ्याच्या जबाबदाऱ्या होत्या तशाच मालकाच्याही होत्या.

म्हणून काही मालगुजारी सुखाची होती असे नव्हे. कागदावर निस्तार असूनही वेठबिगार चालली, नजराणे घेतले गेले, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला दप्तरातल्या नोंदीचा उपयोग किती, हा प्रश्न होताच. तरीही मालगुजाराला त्या कागदातील शब्द एका रात्रीत एकट्याने बदलता येत नव्हते, ही गोष्ट लहान नाही.

स्वातंत्र्यानंतर भंडारा ज्या मध्य प्रदेशात होता, त्या नागपूर राजधानी असलेल्या राज्याने मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाऱ्या संपल्या. खासगी वहितीशी निगडित अशा काही बाबी वगळता गावची जंगले, पडीक जमिनी आणि तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून या तलावांना माजी मालगुजारी तलाव, आणि सोयीसाठी मामा तलाव, म्हणतात. मात्र मधला धनी जाताच त्याच्या खाली करार करून बसलेल्यांचे काय, हा पेच लगेच उभा राहिला. बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचे व्यापारी मालगुजारांना आगाऊ पैसे देऊन काही हंगामांची पाने तोडण्याचा हक्क विकत घेत असत, आणि आता शासन म्हणे की जंगल आमचे झाले. छोटाभाई जेठाभाई पटेल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९५३) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांची बाजू मान्य केली. पण महादेव विरुद्ध मुंबई राज्य (१९५९) या निवाड्यात पारडे फिरले. न्यायालयाचा युक्तिवाद असा की, हा हक्क जमिनीतला मानला तर तो जमिनीबरोबर शासनाकडे गेला, आणि तो केवळ कराराचा मानला तर मालगुजाराने केलेला करार शासनावर बंधनकारक नाही. व्यापाऱ्याने कोणतीही बाजू धरली तरी पाने गेलीच. पैसे मोजलेले होते, करार खरा होता, पण ज्याच्याशी केला तो माणूस वाटेतून उठल्यावर त्या कराराला विचारणारे कोणी उरले नाही.

तलावांखालच्या शेतकऱ्याचे तसे झाले नाही, कारण त्याचा हक्क मालगुजाराशी केलेल्या खासगी करारावर टेकलेला नव्हता. तो वहिवाटीचा होता आणि त्याची नोंद सार्वजनिक दप्तरात होती, म्हणून मालक बदलला तरी तो टिकला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १६१ ते १६५ मध्ये विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्हींची तरतूद आहे. खासगी जमीन व पाण्यातील ओलिताचा, वाटेचा आणि मासेमारीचा रिवाज जिल्हाधिकाऱ्याने गाववार नोंदवायचा, ती नोंद प्रसिद्ध करायची, आणि ज्याला ती अमान्य असेल त्याने वर्षभरात दिवाणी न्यायालयात दावा लावायचा, अशी तिची रीत आहे. तलावांची दशा पुढे खालावली हे खरे. पाळ कोणी दुरुस्त करायची हे ठरेनासे झाले, पोटात गाळ आणि बेशरमाची झुडपे माजली, अतिक्रमणे झाली; पण तो देखभालीचा इतिहास आहे, हक्काचा नव्हे.

आता संगणकावरील खेळांकडे वळता येईल. १९९० च्या दशकात असा खेळ खोक्यात मिळे. आत तबकडी असे, तिच्या वेष्टनावर एक लांबलचक क्रमांक छापलेला असे, आणि तो क्रमांक टंकला की विक्रेता, प्रकाशक आणि खेळाडू यांचा संबंध व्यवहारापुरता संपे. तबकडी मित्राला देता येई, जुनी म्हणून विकता येई. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम नावाची व्यवस्था सुरू केली, जुलै २००४ मध्ये काउंटर-स्ट्राइकसारखे खेळ ज्या जुन्या जाळ्यावर चालत ते बंद केले, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये हाफ-लाइफ २ हा खेळ अशा अटीवर बाजारात आणला की दुकानातून तबकडी विकत घेतली तरी स्टीमवर खाते उघडून इंटरनेटवरून तिची नोंद केल्याशिवाय खेळ सुरूच होणार नाही. खेळ उघडण्याआधी जो दुसरा कार्यक्रम उघडतो, खाते तपासतो, नवे फेरफार उतरवून घेतो आणि मगच खेळाला वाट देतो, त्याला लाँचर म्हणतात. हाफ-लाइफ २ च्या पहिल्याच दिवसांत सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की पैसे देऊन आणलेल्या तबकड्या कित्येकांच्या टेबलावर पडून राहिल्या.

भारतात या अटीचा अर्थ आणखी वेगळा होता. केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण हाफ-लाइफ २ च्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २००४ मध्ये आले आणि त्यात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट अशी व्याख्या होती. तेवढा वेग अखंड मिळाला असे धरले, तरी चार गिगाबाइटचा खेळ उतरवून घ्यायला सुमारे दीड दिवस लागतो. जिल्ह्याच्या शहरांत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरण्याच्या त्या दिवसांत नेहमी जोडलेला ग्राहक गृहीत धरून खेळ बनवणाऱ्यांच्या मनात साकोली-लाखांदूरचा खेळाडू नव्हता, यात नवल नाही. पण प्रामाणिकपणे तबकडी विकत घेणाऱ्याला अडथळा आणि चोरीची प्रत मिळवणाऱ्याला मोकळी वाट, असा उफराटा न्याय येथूनच रुजला.

एका खात्याची सवय लोकांना झाली, इतकेच नव्हे तर स्टीम पुष्कळांच्या आवडीचे झाले. आपले खेळ एका जागी सापडतात, संगणक बदलला तरी पुन्हा उतरवता येतात, ही सोय खरीच होती. चीड वाढली ती दुसऱ्या चौकीने. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये गेम्स फॉर विंडोज लाइव्ह आणले. यूबीसॉफ्टने मार्च २०१० मध्ये असॅसिन्स क्रीड २ हा एकट्याने खेळायचा खेळ अखंड जोडणीच्या अटीवर विकला आणि त्याच महिन्यात तिचे सर्व्हर कोलमडल्यावर खेळाडूंना आपल्याच घरात थांबून राहावे लागले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०११ मध्ये ओरिजिन काढून बॅटलफील्ड ३ त्याला बांधला. रॉकस्टारचा लाँचर २०१९ मध्ये आला. खेळ स्टीमवर विकत घ्यायचा, स्टीम उघडायचे, स्टीमने यूबीसॉफ्टचा वा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा लाँचर उघडायचा, त्याने पुन्हा खूणशब्द मागायचा, आणि मग खेळ, अशी उतरंड झाली. पैसे घेणारा एक, खेळ बनवणारा दुसरा आणि दार अडवणारा तिसरा, अशी ही रचना आहे.

मधला धनी उठून गेला की काय होते, याचे उदाहरण ग्रँड थेफ्ट ऑटो ४ या २००८ सालच्या खेळाचे आहे. तो मायक्रोसॉफ्टच्या त्या लाइव्ह सेवेला बांधलेला होता. मायक्रोसॉफ्टने सेवा गुंडाळत आणली, नव्या प्रतींसाठी लागणारे क्रमांक मिळेनासे झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये तो खेळ स्टीमवरून विक्रीतूनच काढावा लागला. मार्चमध्ये तो परतला तो त्या सेवेशिवाय आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोय गाळून. दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. यूबीसॉफ्टचा द क्रू हा डिसेंबर २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवण्यात आला आणि विकत घेतलेल्यांच्या खात्यातूनही तो काढून घेण्यात आला. १९५९ च्या तेंदूपानांच्या निवाड्यातील व्यापाऱ्यांपेक्षा या खेळाडूंची स्थिती फारशी वेगळी नाही. उलट व्यापाऱ्यांना निदान न्यायालयात उभे राहायला लिखित, दोन्ही बाजूंनी वाटाघाट केलेला करार होता.

भारतीय उपखंडाशी जवळचे प्रकरण हेलडायव्हर्स २ चे. ॲरोहेड या स्वीडिश कंपनीने बनवलेला आणि सोनीने प्रकाशित केलेला हा खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टीमवर आला. मे महिन्याच्या आरंभी सोनीने जाहीर केले की यापुढे सोनीचे प्लेस्टेशन नेटवर्क खाते जोडणे सक्तीचे राहील. सोनीची ही सेवा भारतात असली, तरी पाकिस्तान, फिलिपिन्स, एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया अशा पुष्कळ देशांत ती नव्हती, म्हणजे तेथील लोकांना विकलेल्या खेळाची अट पाळणेच अशक्य होते. लाखो प्रतिकूल अभिप्राय आले, अनेक देशांत खेळाची विक्री थांबली, आणि तीन-चार दिवसांत सोनीने माघार घेतली. हा खेळाडूंचा विजय म्हणून गाजला, आणि होताही. पण तो आरडाओरडीने मिळालेला विजय होता, कोणत्याही नोंदीतून वा हक्कातून नव्हे, आणि म्हणून पुढच्या खेळाच्या वेळी तो हाताशी असेलच असे नाही.

कंपन्यांच्या बाजूनेही काही म्हणता येते. फसवणूक करून खेळणाऱ्याला रोखायचे तर त्याची ओळख हवी, मित्रांना एकत्र आणायचे तर त्यांची यादी हवी, चोरीच्या प्रती आवरायच्या तर काही तपासणी हवी. एवढ्यासाठी असलेले खाते समजण्यासारखे आहे. एकट्याने खेळायच्या खेळालाही तेच खाते लागते तेव्हा मात्र ही कारणे गळून पडतात आणि ग्राहकाची माहिती व लक्ष आपल्या दप्तरात बांधून ठेवणे हाच हेतू उरतो. गॉग हे पोलंडमधील दुकान २००८ पासून अशा कुलपांशिवाय खेळ विकत आले आहे, यावरून ही सक्ती तांत्रिक गरज नाही हे सिद्ध होते.

गावचा तलाव आणि लाँचर यांतला फरक आहे तो दप्तर कोणाच्या हाती यात. वाजिब-उल-अर्ज शासनाच्या ताब्यात असे, मालक व वापरणारे दोघेही त्यात बांधलेले असत, आणि त्यातील नोंद फिरवायची तर हितसंबंधितांची संमती किंवा न्यायालयाचा हुकूम लागे. लाँचर उघडताना पुढे येणारा अटींचा मसुदा कंपनीच्या ताब्यात असतो, कंपनी तो हवा तेव्हा बदलते, आणि नव्या मसुद्याला मान्यता न देणाऱ्यासमोर खेळ बंद करण्याखेरीज पर्याय नसतो. पाण्यावाचून धान करपते, खेळावाचून कोणाचे काही करपत नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. तो खरा आहे. पण वस्तू चैनीची आहे म्हणून तिच्या विक्रीत विक्रेत्याला शब्द फिरवण्याची मोकळीक मिळत नाही.

इतर देशांतील न्यायसंस्था आणि विधिमंडळे या प्रश्नाकडे सावकाश वळली. जर्मनीतील ग्राहक संघटनांच्या महासंघाने हाफ-लाइफ २ चे खाते दुसऱ्याला देता येत नाही या अटीला आव्हान दिले, पण तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये ते फेटाळले. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून असे ठरवले की, जेथे प्रत्यक्षात केवळ वापराचा परवाना दिला जातो तेथे ते स्पष्ट न सांगता खरेदी हा शब्द वापरता येणार नाही. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. द क्रू बंद झाल्यावर रॉस स्कॉट यांनी सुरू केलेल्या, विकलेले खेळ मारू नका अशा मागणीच्या मोहिमेने युरोपीय संघातील नागरिकांच्या पुढाकाराच्या तरतुदीखाली जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या. कॅलिफोर्नियाचा कायदा पाटी खरी लावायला सांगतो, चौकी हटवत नाही. युरोपातील मागणी त्यामानाने निस्ताराच्या कल्पनेच्या अधिक जवळची आहे, कारण तिच्यात मालकाने वापर चालू राहील अशी व्यवस्था करून मगच उठावे असे म्हटले आहे.

भारतात खेळांच्या खात्यांविषयी वेगळा कायदा नाही. मात्र ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये अनुचित कराराची व्याख्या असून वाजवी कारणाशिवाय एका बाजूला करार एकतर्फी संपवण्याची मुभा देणारी अट तीत स्पष्टपणे येते. विकत घेतलेला खेळ खात्यातून काढून घेतला जाणे या व्याख्येत बसते की नाही, हे तक्रार झाल्याशिवाय ठरणार नाही, आणि ती तक्रार पवनी वा तुमसर येथील ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणाच्या आधारे करता येते. मात्र अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला नाही. त्यासाठी भंडाऱ्याच्या ग्राहकाला राज्य आयोगाच्या नागपूर येथील खंडपीठाकडे जावे लागते.